गाळलेली पानं

१

त्या दिवशी दुपार झाली तरी धुकं उठलं नव्हतं. पहाटे असतं तसं हलतं, विरळ धुकं नव्हे. एखादा पाहुणा यावा आणि जायचं नाव काढू नये, तसं ते गल्लीत ठाण मांडून बसलं होतं. समोरच्या इमारतीचा जिना दिसत होता, इमारत दिसत नव्हती. दोरीवरचे कपडे सकाळी घातले तसेच ओलेचिंब लोंबत होते, आणि सायकलवाले घंटी वाजवत, पाय टेकत चालले होते.

इंग्रजीचे सर शाळेतून घरी आले तेव्हा त्यांच्या चष्म्यावर दव धरलं होतं. त्यांनी दाराशी बूट काढले, चष्मा पुसून त्याच्या डबीत ठेवला, आणि कोटाच्या उजव्या बाहीची खडूची पूड झटकली. ती काही पुरती निघायची नाही. तिथं एक पांढरी कडच बसली होती. बायकोचे डोळे धड होते तेव्हा ती तो कोट धुताना म्हणायची, "हा कोट नव्हे, फळाच आहे तुमचा. हात कुठला नि लिहायची जागा कुठली, देव जाणे."

आता तिला दिसत नव्हतं. डोळे एकदम गेले नाहीत. कंदिलाची वात कुणी हळूहळू खाली करत न्यावी, तसे गेले. पण घर तिच्या हाताला पाठ होतं. चहा तिचा तीच करी, आणि तो सरांपेक्षा बरा होई.

घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत गॅलरीकडच्या खिडकीशी दोन खुर्च्या, एक तिची, एक सरांची. भिंतीला पुस्तकांचं कपाट. भिंतीपलीकडे शिंपीकाका राहायचे, एकटेच. त्यांच्या मशीनची खडखड दिवसभर ह्या घरात ऐकू यायची.

"आलात?" बायको म्हणाली. "बसा, चहा ठेवलाय. आज किती छान वाचलंत हो."

सर हसले. "मी? कधी वाचलं?"

"दुपारी."

"दुपारी मी जादा तासाला होतो. नववीच्या पोरांचे निबंध सोसत होतो. डोळा लागला असेल तुझा."

"असेल," ती म्हणाली. तिनं कपाचा कान चाचपला. "पण ते बदक मेलं ना, ते ऐकून फार वाईट वाटलं बाई."

२

आता ह्या कपाटाचं सांगायला हवं.

सरांना पुस्तकं घ्यायचा नाद होता. पगार झाला की ते जुन्या पुस्तकांच्या दुकानात जात आणि एक तरी जाडजूड इंग्रजी पुस्तक काखेत मारून येत. कपाटाच्या दाराला आतून एक कागद डकवलेला होता. वरती त्यांनी ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, 'वाचायची पुस्तकं'. पुस्तक आलं की त्याचं नाव त्या कागदावर चढे. वाचून झालं की लाल पेन्सिलीनं बरोबरची खूण करायची, असा बेत होता. नावं वाढत गेली, कागदाला कागद जोडले गेले. लाल पेन्सिलीचं टोक मात्र जसंच्या तसं राहिलं.

कुणी विचारलं तर सर कुठल्याही पुस्तकावर घटकाभर बोलत. प्रस्तावना वाचलेली असे, मागच्या पुठ्ठ्यावरचा मजकूर पाठ असे. शाळेत गणिताच्या बाई त्यांना 'फिरतं वाचनालय' म्हणत. सरांना ते आवडायचं. एवढ्यात खोटं बोलल्यासारखं काय आहे? उद्या वाचणारच होते की ते.

बायकोचे डोळे गेले तेव्हा आपल्या भाषेतली घरातली सगळी पुस्तकं तिनं आधीच संपवलेली होती. उरली होती ती ही सरांची. तेव्हा सरांनी तिचा हात हातात घेऊन सांगितलं होतं, "शाळा सकाळची आहे. रोज दुपारी मी तुला वाचून दाखवत जाईन. एकेक पुस्तक. इंग्रजी वाचायचं आणि आपल्या भाषेत सांगायचं, शब्दन् शब्द."

तिला ते इतकं आवडलं की ती रडली.

थोडे दिवस चाललं. मग शाळेनं दुपारचे जादा तास काढले. नाही म्हणता आलं असतं. सर नाही म्हणाले नाहीत. खरं सांगायचं तर ओळीमागून ओळ वाचायचा त्यांना कंटाळा यायला लागला होता. मग वाचन संध्याकाळवर गेलं, दमल्या डोळ्यांवर, दोन पानं नाहीतर तीन. त्यातही लांबलचक काही आलं की सर वर्गातल्यासारखं म्हणत, "इथं नुसतं वर्णन आहे. हे परीक्षेला येत नाही." आणि चार पानं एकदम उलटत.

"मी कुठं परीक्षेला बसलेय?" बायको म्हणायची. तिला पान उलटल्याचा आवाज कळायचा. चार उलटली तर चारांचा.

३

जेवणं झाल्यावर सरांनी ते चालू पुस्तक हातात घेतलं. एका कालव्यावर पूल असतो, नाव आली की तो उचलावा लागतो, तो उचलणाऱ्या माणसाची गोष्ट. सरांना त्यात बदक असल्याचं काही आठवत नव्हतं.

पुस्तक जुन्या बांधणीचं होतं. अशा पुस्तकांत काही पानं कडेला एकमेकांना जोडलेलीच राहतात. वाचणाऱ्यानं सुरीनं कापत कापत पुढं जायचं. सरांनी गाळलेली पानं अर्थातच कापलेली नव्हती. त्यांनी बोटं फिरवून पाहिली. कडा बंद होत्या, जशा छापखान्यातून आल्या तशा.

"कसलं बदक म्हणालीस?"

"लंगडं. त्याच्याबरोबर पुलावर यायचं ते. थंडीत पाणी गोठलं नि ते अडकलं. त्यानं सोडवलं, कोटाखाली घेऊन बसला. पण पहाटेला गेलं. तुम्ही तर सांगताना मध्येच थांबलात."

सरांनी स्वयंपाकघरातून सुरी आणली. पानं कापली. कागदाची पांढरी धूळ मांडीवर पडली. दिव्याखाली धरून ते वाचायला लागले.

दुसऱ्याच पानावर बदक होतं. लंगडं. आणि कोट होता.

"का हो, काय झालं?"

"काही नाही," सर म्हणाले. डोकं भराभर चालत होतं. पुस्तक गाजलेलं आहे. रेडिओवर कुणीतरी गोष्ट सांगितली असेल. पलीकडं शिंपीकाकांच्या रेडिओवर लागली असेल, भिंतीतून आली असेल, अर्धवट झोपेत हिला नवऱ्याचा आवाज वाटला असेल. झालं! सगळं नीट जुळत होतं. तरी त्यांनी सुरी परत जागेवर ठेवली नाही, कपाटात कुलुपाखाली ठेवली. का ठेवली, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

४

सकाळी शिंपीकाका गॅलरीत बसून शर्टाला बटणं लावत होते. वयानं थकलेले, पण दोरा अजून एका दमात ओवायचे.

"काका, दुपारी रेडिओ लावता का हो तुम्ही?"

"रेडिओ? तो कधीचा बंद पडलाय. का, आवाज होतो का माझ्या मशीनचा? वाचताना तर मी मशीन बंदच ठेवतो, सर."

"कुणी वाचताना?"

काकांनी दोरा दातानं तोडला आणि सरांकडं बघून हसले. "आता काय सांगायचं! चोरून ऐकतो असं म्हणू नका. भिंतच पातळ. तुम्ही सुरू केलंत की मी हात थांबवतो. काल ते बदक मेलं तेव्हा मी बाही उलटी शिवली. संध्याकाळी गिऱ्हाईक म्हणालं, काका, हा सदरा पाठीमागं हात असणाऱ्याचा आहे काय?"

"पण काका, दुपारी मी शाळेत असतो."

"असाल की. येऊन वाचून परत जात असाल." काकांनी दुसरं बटण घेतलं. "तुमचा आवाज ओळखत नाही होय मी? आधी तुम्ही वाचायचात ते काही खास नव्हतं हां, राग मानू नका. गाडी चुकेल असं वाचायचात. आताशा मात्र लय लागली आहे."

सर जिना उतरले. कठड्याला धरून उतरले.

५

पुढच्या आठवड्यात एका दुपारी त्यांनी मुलांना उतारा लिहायला देऊन गणिताच्या बाईंना वर्गावर लक्ष ठेवायला सांगितलं. "पोट बिघडलंय," म्हणाले.

"फार वाचन झालं असेल," बाई म्हणाल्या.

गल्लीत भर दुपार होती. कुणी गालिचा झटकत होतं, कुठंतरी नळ वाहत होता. शिंपीकाकांचं मशीन बंद होतं. सर गॅलरीत आले आणि आपल्याच दारासमोर उभे राहिले.

आतून त्यांचा आवाज येत होता.

स्वतःचा आवाज माणूस बाहेरून कधी ऐकत नाही, म्हणून आधी त्यांना वाटलं, कुणी दुसरं असेल. मग त्या आवाजानं वाक्याच्या शेवटी तो बारीकसा खोकला काढला. वर्गातली पोरं ज्याची नक्कल करतात तो. आवाज सावकाश चालला होता. कुठं घाई नाही, कुठं उडी नाही. नदीकाठच्या गवताचं वर्णन होतं, नुसतं गवत, आणि बायको मध्ये मध्ये "हं" म्हणत होती. असं "हं" सरांनी किती दिवसांत ऐकलं नव्हतं.

त्यांनी कडी वाजवली.

वाचन थांबलं. पुस्तक मिटल्याचा आवाज आला. मग टक् करून चष्म्याची डबी बंद झाली. सरांचा हात आपोआप खिशाकडं गेला. त्यांची डबी खिशातच होती.

दार बायकोनं उघडलं. तिच्या चेहऱ्यावर अजून हसू होतं, ते हळूहळू गोंधळलं. "अहो? पाणी प्यायला म्हणून आत गेलात ना? बाहेरून कसे आलात?"

सर आतल्या खोलीत गेले. कुणी नव्हतं. माठावर पेला उपडा होता, आणि त्याच्या कडेवरून थेंब ओघळत होता. बाहेर येऊन त्यांनी आपल्या खुर्चीवर हात ठेवला. बैठक ऊबदार होती.

"खिडकीतून ऊन येतंय," ते म्हणाले.

"मी काही विचारलं का?" बायको म्हणाली.

६

सरांनी रजा टाकली. दुपारभर घरी राहायचं, स्वतः वाचायचं, मग बघू कोण येतं ते.

कुणी आलं नाही. सर वाचत बसले. पण वर्षानुवर्षांची सवय ती. डोळे ओळीवरून घसरायचे, जीभ आधीच "थोडक्यात काय, तर" म्हणून पुढं जायची. बायको हात मांडीवर ठेवून ऐकायची, पाहुण्याचं बोलणं ऐकावं तशी. तिसऱ्या दिवशी तिनं मऊ आवाजात म्हटलं, "राहू द्या आता. दमलाय तुम्ही. रजा संपली की वाचा दुपारी, नेहमीसारखं."

"अगं, आत्ता दुपारच आहे. मीच वाचतोय."

"हो हो," ती म्हणाली. जरा वेळानं, "आवाज बसलाय का हो तुमचा? परक्यासारखा वाटतोय."

आवाज खरंच बसत चालला होता. शाळेत परत गेले तर मागच्या बाकावरची पोरं ओरडली, "सर, ऐकू येत नाही!" मग मधल्या बाकावरची. गणिताच्या बाईंनी शिक्षकांच्या खोलीत एका पुस्तकाबद्दल विचारलं, तेव्हा सरांनी तोंड उघडलं आणि त्यांना काहीच आठवेना. पुठ्ठ्यावरचा मजकूरसुद्धा.

घरी कपाटाला ते कुलूप लावून जात, किल्ली कोटाच्या खिशात. संध्याकाळी उघडून बघत. पुस्तकांच्या कडा कापलेल्या असत, नीट, एका रेषेत. कागदावर लाल खुणा वाढत होत्या. पेन्सिलीचं टोक झिजत होतं.

एके दिवशी त्यांनी न राहवून विचारलं, "दुपारी वाचतो तो मीच असतो, कशावरून?"

बायकोनं मान वळवली. डोळे नसले तरी ती बोलणाऱ्याकडं तोंड करायची. "हे काय विचारणं झालं? पहिल्या दिवशी तुम्हीच नाही का म्हणालात, फार दिवस राहून गेलं, आता वाचतो म्हणून? आणि माझा हात हातात घेतलात. तोच हात, खडूचा."

७

शेवटी एकच नाव खुणेवाचून उरलं.

ते पुस्तक सगळ्यात जुनं. लग्नानंतर पहिल्यांदा दोघं फिरायला गेले तेव्हा सरांनी तिला ह्याच पुस्तकाची गोष्ट सांगितली होती. दोन भाऊ असतात, धाकटा रागानं घर सोडतो. पुठ्ठ्यावर इतकंच होतं. पुढचं सरांनी रचलं. धाकटा म्हातारपणी परत येतो, दारात उभा राहतो, आई आवाजावरून ओळखते आणि दार उघडते. बायकोनं तेव्हा डोळे पुसले होते. पुढं कधी दोघांचं भांडण झालं आणि सर बाहेर जाऊन उशिरा परतले, की ती दार उघडताना म्हणायची, "या धाकटे."

आता तो दुसरा हे पुस्तक वाचणार. शब्दन् शब्द वाचणार. आणि तिला कळणार.

त्या दिवशी सर ते पुस्तक पिशवीत घालून शाळेत घेऊन गेले. पुस्तकच घरात नसेल तर वाचेल काय?

जादा तास इतरांचे होते, त्यांचा नव्हता. शिक्षकांची खोली रिकामी होती. पिशवी समोर ठेवून बसले, मग सहज पुस्तक काढलं. पहिली पानं कंपासपेटीतल्या पट्टीनं उलगडली, फाटत फाटत. एक पान वाचलं. दुसरं वाचलं. कुणास ठाऊक कसं, पण डोळे घसरले नाहीत. धाकट्यानं घर सोडलं तिथं आजूबाजूच्या शेतांचं मोठं वर्णन होतं. सरांनी ते सगळं वाचलं, आणि त्यांच्या लक्षात आलं की धाकटा किती रडवेला आहे हे त्या शेतांतच लिहिलंय. माणसाबद्दल एक शब्द नव्हता, फक्त शेतं. इतकी वर्षं पोरांना काय सांगितलं आपण? हे परीक्षेला येत नाही.

घंटा झाली, शाळा सुटली, शिपाई खिडक्या लावून गेला. सर वाचतच होते. शेवटचं प्रकरण मात्र सबंध जोडलेलं होतं, जाड कागदाचं, पट्टीला दाद देईना. जबरदस्ती केली असती तर अक्षरं फाटली असती.

घरी सुरी आहे, त्यांना वाटलं. हे पान तिच्यासमोर कापायचं. तिला सगळं सांगून टाकायचं, की तो शेवट माझा होता. मग खरा शेवट दोघांनी मिळून ऐकायचा. त्यांना किती दिवसांनी हलकं वाटलं. जवळजवळ पळतच निघाले ते.

८

बाहेर लख्ख उजेड होता. आभाळ घासून ठेवलेल्या पातेल्यासारखं स्वच्छ, समोरच्या इमारतीची वीट न् वीट दिसत होती. सर जिना चढले. शिंपीकाकांचं मशीन बंद होतं.

दारापाशी पोचले तेव्हा आत सुरी कागदातून सर्रकन फिरली.

सरांनी पिशवीला हात लावला. पिशवी सपाट होती.

"'आणि धाकटा दारात उभा राहिला,'" आतून त्यांचा आवाज म्हणाला.

"मग आई दार उघडते," बायको म्हणाली. "आवाज ओळखते ना ती? तुम्ही मागं सांगितलं होतंत मला."

"तेव्हा मी वाचलं नव्हतं," आवाज म्हणाला. शांतपणे, लाज नाही, चोरटेपणा नाही. जे सरांना बोलायचं होतं तेच, त्यांच्यापेक्षा नीट.

सरांनी दार ठोठावलं. "अगं, मी आहे! उघड!" पण घशातून आलं ते कुणाचं तरी घोगरं, बसकं काहीतरी.

आत खुर्ची करकरली. मग बायको हळूच म्हणाली, "अहो, बाहेर कुणीतरी आलंय. आवाज ओळखीचा नाही."

"असू दे. एवढं पान होऊ दे."

खिडकीचा पडदा एका बाजूला बोटभर सरकलेला होता. सर वाकले. त्यांना बायकोचे हात दिसले, मांडीवर, निवांत. आणि तिच्या शेजारच्या खुर्चीच्या हातावर एक बाही. राखी कापडाची, कडेला खडूची पांढरी रेघ. बोटांनी पानाचा कोपरा धरला, सावकाश उलटला. एकच पान.

सरांनी आपल्या बाहीकडं पाहिलं. ती स्वच्छ होती. कधी खडू लागलाच नव्हता इतकी स्वच्छ.

शेजारचं दार उघडलं आणि शिंपीकाका बाहेर आले, गळ्यात टेप, हातात उसवलेला शर्ट. भर उजेडात त्यांनी सरांच्या तोंडाकडं नीट, निरखून पाहिलं. मग ओठांवर बोट ठेवून, अनोळखी माणसाशी बोलतात तशा आदबीनं, हळू आवाजात म्हणाले,

"सरांकडे आलात का? दार नका वाजवू, ते वाचताहेत. संपलं की पुन्हा पहिल्या पुस्तकापासून धरणार म्हणत होते, तेव्हा वेळ लागेल. बसा इथं पायरीवर, ऐका. फार छान वाचतात. काही गाळत नाहीत."